पडद्यावर तुमचं नाव

अमरावती
२० जानेवारी २०१४

श्रीमती पार्बताबाई बोचरे यांस,
स. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहीत आहे. त्याची कारणं दोन. एक, तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि फोन तुम्ही नेमका त्याच कानाला लावता. दुसरं, मागच्या वेळी फोनवर आपलं बोलणं कुठवर गेलं ते तुम्हालाही आठवत असेल. ते पुन्हा काढत नाही. पत्रात माणूस दमाने लिहितो.

मुद्दा असा. दिवाळीला आमच्या अमोलने आणि तुमच्या पौर्णिमाने आपल्या दोघींना एकसारखे लॅपटॉप दिले. हैदराबादला बसून त्यांना आपली तोंडं पाहायची आहेत म्हणे. संक्रांत झाल्यावर मी खोका उघडला. मला भीती नव्हती. मी मुख्याध्यापिका असताना सरकारने आम्हा सगळ्यांना संगणकाचा कोर्स करायला लावला होता आणि त्यात मला शंभरपैकी एक्क्याऐंशी गुण होते.

पण यात ओळखीचं काहीच निघालं नाही. आमच्या वेळी खाली डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' नावाचं एक बटण असे, जे काही करायचं ते तिथून. आता ते बटणच काढून टाकलंय आणि अख्ख्या पडद्यालाच स्टार्ट म्हणतात. हिरवे, जांभळे, नारिंगी चौकोन, वाकळ पसरावी तसे. मी अर्धा तास बटण शोधलं. आमच्या ह्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

शोधताना नजर वर उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे मालकाचं नाव असतं. माझ्या पडद्यावर नाव आहे 'पार्बता बोचरे', आणि शेजारी झेंडूच्या वाफ्यात उभ्या असलेल्या तुम्ही.

खोक्यांची अदलाबदल झालेली आहे. माझा तुमच्याकडे असणार. इकडे येणाऱ्या कोणाबरोबर पाठवावा, किंवा आपण स्वतः घेऊन यावा. मुलाकडच्यांनी मुलीकडे खेपा घालणं बरं दिसत नाही म्हणून मी येत नाही. यात मानाचा प्रश्न नाही.

मुलांना कळवू नये. दोघींना आपापला खोका ओळखता आला नाही म्हणून हसतील.

कळावे,
कौशल्या खुशालराव निंभोरकर

~

बाळापूर रोड, अकोला
२६ जानेवारी

इहीनबाईले पार्बताचा रामराम.

तुमचं पत्र भेटलं. मी खोका उघडलाच नोता. धूळ बसू नाई म्हनून पिशवीत घालून कपाटात ठेवेल होता. तुमचं पत्र वाचलं अन् उघडला. बरोबर हाये तुमचं. वरते कोपऱ्यात तुमचंच नाव हाये. फोटू बी हाये, चष्मा लावेल, रागात.

तुमी येत नाई अन् यात मानाचा प्रश्न नाई म्हनता. मी बी येत नाई. माह्यात बी मानाचा प्रश्न नाई. शेवंतीची तोडनी चालू हाये, बाया लावेल हायेत, मी सोडून कुटी जाऊ.

मी म्हन्तो मशीन तं दोनी सारख्याच हायेत. तुमी माह्यावर शिका, मी तुमच्यावर शिकतो. जवा कोनी इकडून तिकडं जाईन तवा बदलून घेऊ. घाई कायची हाये.

एक सांगा मले. मी थे चौकोन बोटानं दाबले, मंग अंगठ्यानं दाबले. हलतच नाईत. पौर्णिमाच्या मोबाइलवर तं बोट लावलं का पयते. तुमाले एक्क्याऐंशी मार्क हायेत म्हनून इचारून राहिली.

इवाईले, तुमच्या घरच्यायले, रामराम सांगा.

तुमची
पार्बता

~

अमरावती
२ फेब्रुवारी

श्रीमती पार्बताबाई यांस,
स. न. वि. वि.

पडदा बोटाने चालत नाही. खोक्यात खाली पुठ्ठ्याच्या कप्प्यात माऊस आहे, तो काढून बाजूच्या भोकात लावा. पडद्यावर बाण दिसेल. बाण चौकोनावर न्यायचा आणि डावं बटण एकदाच दाबायचं. दोनदा नाही. दोनदा दाबणं ही आमच्या पिढीची सवय होती, आता एकदाच पुरतं. माऊसच्या मधोमध चाक आहे, ते फिरवलं की पडदा वरखाली जाण्याऐवजी आडवा सरकतो आणि आणखी चौकोन निघतात. कुठवर निघतात ते मी अजून पाहिलेलं नाही.

डोंगलने इंटरनेट सुरू केलं आहे. काही चौकोन आपले आपण बदलत राहतात. एक हवामानाचा आहे. लॅपटॉप तुमचा, त्यामुळे त्यावर अकोला. आमचे हे रोज सकाळी चहाच्या आधी अकोल्याचं तापमान मोठ्याने वाचतात आणि दिवसभर 'आज तिकडे आपल्यापेक्षा दोन डिग्री जास्त' हे समाधान बाळगून असतात.

सोमवारी मी तो हवामानाचा चौकोन दाबला. पडदाभर आकाश पसरलं. बंद करायला कोपऱ्यात फुली असते, ती कुठेच नाही. मागे जायला रस्ता नाही. बुधवारी दुपारी बॅटरी संपली तेव्हा मी अकोल्याच्या आकाशातून सुटले.

हे तुम्हाला जमणं कठीण आहे, पण प्रयत्न सोडू नये.

कळावे,
कौशल्या निंभोरकर

~

बाळापूर रोड
१० फेब्रुवारी

इहीनबाईले रामराम.

आकाशातून सुटाचं असलं तं सोपं हाये. बटनाच्या फळीवर, खाली डाव्या अंगाले, एक बटन हाये, त्याच्यावर चार तावदानाची खिडकी काढेल हाये. कुठीबी अडकल्या का थे दाबा. चौकोनावर येता. अन् पुरं बंदच करा लागलं तं बान वरच्या काठाले न्या. त्याचा हात होते. मंग बटन धरून ठेवून खालच्या काठापर्यंत वढत न्या, दुकानाचं शटर खाली घेतो तसं. सोडला का बंद.

चौकोन एकमेकाच्या जाग्यावर बी ठेवता येतात. मी फोटूचा चौकोन पैले घेतला. उजवं बटन दाबून मोठा बी केला.

बाळापूरले क्लास लावला मी. मास्तर चांगला शिकवते.

फोटूच्या चौकोनात तुमच्या अमोलचे अठ्ठावीस फोटू हायेत. थे एकामागून एक फिरत राह्यतात. मी शेवंती निवडता निवडता पायत राह्यतो. सगळ्याच फोटूत त्याच्या हातात कप हाये नाई तं सर्टिफिकेट हाये. पाचवीतला, धाव्वीतला, इंजिनेरीचा. एकातबी थो चेंडू घेऊन पयत नाई, का आंबा खात नाई. त्यानं कधी आंबा खाल्ला नाई का?

तुमची
पार्बता

~

अमरावती
१५ फेब्रुवारी

श्रीमती पार्बताबाई यांस,
स. न. वि. वि.

खिडकीचं बटण सापडलं. शटरही ओढून पाहिलं. उत्तम. तुमचे मास्तर जाणकार दिसतात. बाळापूरला इतका चांगला क्लास आहे हे माहीत नव्हतं. एका आठवड्यात तुम्ही माझ्यापुढे गेलात हे मी मोकळ्या मनाने मान्य करते.

अमोलने आंबे खाल्ले आहेत. त्या वेळी फोटो काढायला हात मोकळे नव्हते, इतकंच.

तीन शंका आहेत. पहिली, बाण उजव्या कोपऱ्यात गेला की बाजूने एक काळी पट्टी आपण न बोलावता आत येते. ती कोण? दुसरी, लॅपटॉप बंद करायचा कसा? मी रोज बॅटरी संपायची वाट पाहते.

तिसरी शंका किरकोळ आहे. एका निळ्या चौकोनावर पाकिटाचं चित्र आहे. गेला आठवडाभर त्यावर पौर्णिमाचं नाव येतं आणि खाली एका वाक्याचे पहिले काही शब्द. त्या वेळी माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे शब्द कोणते ते मी वाचलेले नाहीत. वाक्य मधेच तोडून पुढे तीन टिंबं दिलेली असतात. शाळेत अशी वाक्यं मी मुलांकडून पूर्ण करून घेत असे. तो चौकोन उघडतात कसा? सहज विचारते.

अमोलचा दर रविवारी सकाळी आठला हैदराबादहून फोन येतो. खुशाल आहे.

कळावे,
कौशल्या निंभोरकर

~

बाळापूर रोड
२० फेब्रुवारी

इहीनबाईले रामराम.

थे काळी पट्टी कोनी परकी नाई. तिच्यातच खाली दातेरी चक्र हाये, थे दाबा, मंग गोल चिन्हावर 'पॉवर' लिहेल हाये, त्याच्यात बंद करनं हाये. बंद कराचं त्यायनं एवढं आत कावून लपवलं थे मास्तराले बी नाई समजलं.

मले लिहून सांगता येत नाई म्हनून मास्तराकून पडद्याचा नकाशा काढून घेतला. सोबत पाठोतो. कोनता चौकोन कायचा, बान कुठी न्याचा, सगळं लिहेल हाये.

थ्या पाकिटाच्या चौकोनाले हात लावू नोका. थो बिघडेल राह्यते. आमच्या क्लासात बी एकाचा असाच बिघडला, मशीनच बसली. तुमी त्याच्यावर उजवं बटन दाबा. खाली पट्टी येईन, तिच्यात 'अनपिन' लिहेल हाये. दाबलं का चौकोन जाते. काढूनच टाका थो. पौर्णिमा मले काई महत्त्वाचं लिहीत नाई, सयपाकाचं इचारते.

तुमच्या गुडघ्याचं कसं हाये?

तुमची
पार्बता

~

अमरावती
२५ फेब्रुवारी

श्रीमती पार्बताबाई यांस,
स. न. वि. वि.

नकाशा मिळाला. इतका नीट नकाशा मी तीस वर्षांच्या नोकरीत फार थोड्या मुलांकडून पाहिला. रेघा पट्टीने मारलेल्या, बाण सारख्या लांबीचे. मी तो भिंतीला लावला आहे आणि त्याप्रमाणे सगळं जमतं. काल दुपारी सगळे चौकोन माझ्या सोयीने लावून घेतले. पंचांग पुढे, हवामान त्याच्या खाली. खेळाचे चार चौकोन शेवटी ढकलले.

मास्तरांचं अक्षर मात्र एका ठिकाणी अडतं. 'उजवा' मधला 'ज' ते पोटात गाठ मारून काढतात. मी एका मुलाला पहिलीपासून चौथीपर्यंत हा 'ज' गिरवायला लावला होता. पाटीवर, वहीवर, सुट्टीत अंगणात खडूने. नाही सुधारला. हा दोष फारसा कुणात आढळत नाही, म्हणून लिहिलं.

मास्तर मूळचे कुठले? क्लास झाल्यावर जेवायला कुठे जातात? वांगं खातात का? ज्या मुलाबद्दल म्हणते तो वांगं ताटाच्या कडेला सारत असे.

पाकिटाचा चौकोन मी काढला नाही. उघडलाही नाही.

रविवारी अमोलचा फोन आला होता. हैदराबादला ढगाळ आहे म्हणाला. तुमच्या चौकोनावर अकोल्यालाही ढगाळ होतं. एकूण सगळीकडेच ढगाळ दिसतं.

माझे गुडघे बरे आहेत. विचारलंत, बरं वाटलं.

कळावे,
कौशल्या निंभोरकर

~

बाळापूर रोड
४ मार्च

इहीनबाईले रामराम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मंग गोठ्यात जाऊन एकदा वाचलं.

मास्तराचं नाव श्रावण हाये. इकडचाच हाये. वांगं आधी खात नोता, आता खाते. माह्या घरी दुसरं राह्यतच नाई तं काय करीन.

तुमी त्याची एवढी चौकशी कावून करून राहिल्या थे मले समजत नाई. पन इचारलं हाये तं सांगतो. मास्तर मानूस सोन्यासारखा हाये. पयले थो मोठ्या शयरात होता, मोठ्या कंपनीत. थे कंपनी बंद पडली. दोन मयने दुसरीकडं फिरला, काई जमलं नाई. बायकोची नोकरी हाये तिथी, थे तिथंच हाये. याले दिवसभर घरात बसून गमे ना. एक दिवस सकायी पाठीवर ब्याग घेऊन दारात उभा. मी म्हन्लं ये. आता पाहाटे उठून फुलं तोडते, गाडीसंग बाजारात जाते, दुपारी मले मशीन शिकवते. आता बायासंग हसते.

त्याले माय हाये. चांगली शिकेल हाये. तिले काई सांगतलं नाई त्यानं. भेव वाटते म्हन्ते. मी म्हन्लं सांगून टाक, माय हाये, खाऊन टाकनार हाये का. त्याच्यावर मले म्हन्ते, मामी, खाऊन टाकलं असतं तं बरं होतं, थे काईच बोलनार नाई अन् चष्मा काढून पुसत बसंन.

मी त्याले वचन देल्लं हाये का कोनाले सांगनार नाई. म्हनून मी तुमाले सांगत नाई. मी मास्तराचं सांगून राहिली.

तुमची
पार्बता

~

अमरावती
शनिवार, ८ मार्च

श्रीमती पार्बताबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या मास्तरांच्या आईला मी थोडीफार ओळखते. ती चष्मा पुसते हे खरं आहे. चष्म्यावर वाफ धरते तेव्हा पुसावाच लागतो, हे त्या मुलाला कधी कळलं नसावं.

तिच्या बाजूनेही काही बोलण्यासारखं आहे. मुलगा हुशार निघाला तर आईला वाटणारच की

रविवार, सकाळी साडेनऊ

पत्र काल अर्धं राहिलं. दुपारी चार वाजता ह्यांनी हाक मारली. तुमच्या चौकोनावर ढग आणि वीज. संध्याकाळी टीव्हीवर बाळापूर तालुक्यात गारपीट झाल्याची बातमी. लिंबाएवढ्या गारा दाखवल्या. माणसं जखमी झाली म्हणाले. कोणती माणसं ते सांगितलं नाही.

आज आठला फोन आला नाही. साडेआठपर्यंत थांबून मी लावला. बंद आहे. तुमचा वाजत नाही. पौर्णिमाला लावला तर ती म्हणाली, अमोल अंघोळ करतोय. दहा मिनिटांनी पुन्हा लावला, तरी अंघोळच. मग ती रडायला लागली आणि मी फोन ठेवला.

पार्बताबाई, आता मास्तर पुरे. अमोल कसा आहे?

मला पहिल्यापासून माहीत होतं असं नाही. त्या चौकोनावरचे शब्द मी चष्मा लावूनच वाचले होते. 'आई, फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहिते. सासूबाईंना सांगू नकोस, अमोल…' आणि तीन टिंबं. रोज सकाळी तेवढंच वाचत होते. आजार, भांडण, परदेश, सगळं लावून पाहिलं. मग तुमचा नकाशा आला आणि त्यात तो 'ज' होता. तो शंभर किलोमीटरवर आहे, जेवतो आहे, एवढं कळलं, म्हणून गप्प बसले. त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल म्हटलं.

हे पत्र उद्या निघणार आणि बुधवारी पोहोचणार. तोवर मी काय करू?

पेन्सिलीने लिहिते आहे, पेन सापडत नाही. दहाची गाडी आहे. हे म्हणाले, मुलाकडच्यांनी असं न कळवता जायचं का? मी म्हटलं, तुम्ही चौकोनाकडे लक्ष ठेवा. पत्र मीच घेऊन येते.

कौशल्या

~

बाळापूर रोड
१७ मार्च

इहीनबाईले रामराम.

तुमी सुखरूप पोचल्याचं इवाईनं अमोलले फोनवर सांगतलं. चपलेचा चिखल निंघाला का? तुमची दुसरी चप्पल बी वाफ्यात सापडली. धुऊन ठेवली.

तुमी रिक्षातून फाट्यावर उतरल्या थे मी लांबूनच पायलं. मले वाटलं आता काई खरं नाई. अमोलच्या कपायाले गार लागेल, हयद लावेल, थो गुडघ्यावर बसून मोडेल शेवंती उपटून राह्यला होता. त्यानं तुमाले पायलं अन् तसाच बसून राह्यला. मी म्हन्लं आता तुमी चष्मा काढता. तुमी पर्स बांधावर ठेवली, पदर खोचला अन् त्याच्या बाजूच्या सरीत बसून उपटाले लागल्या. दोघंबी उपटतच राह्यले. दोन तास. आमच्या बाया माह्याकडं पायत अन् मी आभायाकडं पाये. मंग तुमी झेंडूचं एक चांगलं झाड बी उपटलं तवा थो म्हन्ला, आई, ते नाही. तुमी म्हन्ल्या, बरं. तवा माह्या जिवात जीव आला.

जेवताना तुमी त्याले वांगं वाढलं अन् त्यानं खाल्लं थे मी पायलं. तुमी आनखी एक फोड वाढली थे बी पायलं.

आता एक सांगा लागते. निंघताना तुमी वसरीत मले हयूच इचारलं, तो माझ्याकडे का नाही आला. मी डाव्या कानाले हात लावला अन् ऐकू नाई आलं म्हन्लं. ऐकू आलं होतं. तुमी उजव्या अंगाले उभ्या होत्या. उत्तर तोंडावर देता येत नोतं म्हनून तसं केलं. लिहून देतो.

तुमी मार्क इचारता. लहानपनापासून त्याले सवय हाये, घरात पाय टाकला का मार्क सांगाचे. या वख्ती त्याच्याजवळ सांगाले मार्कच नोते. माह्या दारात आला तवा मी इचारलं, जेवला का. तुमी इचारलं असतं, आता पुढं काय. त्याले त्याचं उत्तर येत नोतं.

याच्यावरून मी चांगली अन् तुमी वाईट असं समजू नोका. मी त्याची माय असती तं मी बी पुढं काय हेच इचारलं असतं. लोकाच्या पोराले जेवला का इचारनं सोपं राह्यते. पौर्णिमा बारावीत एका विषयात गेली होती तवा थे मले दोन मयने बोलली नोती. मावशीकडं जाऊन रडली. मंग मले समजलं.

शेवंतीचे दोन वाफे गेले, निशिगंध वाचला. अमोल म्हन्ते वरून जाळी टाकू, हिरवी, मंग गार थेट लागत नाई. थो कागदावर काढून राह्यला, तुमाले पाठोलेल्या नकाशासारखं.

तुमी म्हन्ल्या का पौर्णिमाचं पत्र तुमी उघडलं नाई. चौकोन कसा उघडाचा थे येत असूनबी. मले पटलं. पन खरं सांगतो, मी असती तं उघडलं असतं.

तुमची
पार्बता

~

अमरावती
३ एप्रिल

प्रिय पार्बताबाई,
स. न. वि. वि.

अमोल २२ मार्चला आला. माझा लॅपटॉप आणि धुतलेली चप्पल घेऊन आला, आज दुपारी तुमचा घेऊन परत निघेल. हे पत्रही त्याच्याजवळच देते. त्याने वाटेत वाचलं तरी हरकत नाही, चिकटवलेलं नाही.

आता वर कोपऱ्यात माझं नाव आहे. गंमत अशी की पहिल्या दिवशी सगळे चौकोन मला परके वाटले. माझी मांडणी तुमच्या लॅपटॉपवर राहिली. इथे तुम्ही फोटो पहिला ठेवलाय आणि एवढा मोठा की पंचांग शोधावं लागतं. मी तो हलवला नाही. फक्त त्यातले दहा-बारा फोटो अमोलने काढले आणि तुमच्याकडे मोबाइलवर घेतलेले घातले. एकात तो फुलांच्या पोत्यावर झोपलाय, तोंड उघडं. हे म्हणाले, हा कसला फोटो. पण दिवसातून दोनदा तेच पाहायला बसतात. तुमचा लॅपटॉप खोक्यात बांधून ठेवला, त्यामुळे अकोल्याचं तापमान दिसत नाही म्हणून ते दोन दिवस बेचैन होते. शेवटी अमोलने अमरावतीशेजारी अकोल्याचाही एक चौकोन लावून दिला.

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचायला दोन दिवस लावले. तुम्ही लिहिलं ते बरोबर आहे. तीस वर्षं मी शाळेतून घरी येत होते आणि मला वाटे, शाळा मी तिथेच ठेवून येते.

आणखी एक राहून गेलं आहे. लग्नात हार घालायच्या वेळी मी म्हणाले होते, फुलवाल्यांना रीतभात काय कळणार. ते तुमच्या उजव्या कानाला ऐकू गेलं होतं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. त्यानंतर फोनवर तुम्ही बोललात ते त्याचंच होतं आणि तुम्हाला तो हक्क होता. मी चुकले. हे मी तुमच्या वसरीतच बोलायला हवं होतं. पण तुम्ही डाव्या कानाला हात लावलात, मला आयतंच निमित्त मिळालं.

आता अमोलचं सांगते.

पहिले दोन दिवस मी काहीही विचारलं नाही. जेवलास का, एवढंच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, आई, आत्ताच तर तू वाढलंस. त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर वाळवण काढताना त्याने आपणहून सगळं सांगितलं. कंपनी बंद झाली तो दिवस, मुलाखती, पौर्णिमा कामावर गेल्यावर दाराला आतून कडी लावून बसणं. मी कुरडयांची चाळणी हातात धरून ऐकत होते. मधे एकदा चष्मा काढावा लागला. तो थांबला. मी म्हटलं, वाफ आली आहे, तू बोल.

काल त्याला पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. जूनपासून बोलावलं आहे. इकडे तुमच्या शेतावर जाळी टाकून वर्षभर फुलांचं करून पाहावं, असंही त्याच्या मनात आहे. पौर्णिमा म्हणते, तू ठरव, मी दोन्हीकडे येईन. रात्रीचं जेवण झाल्यावर त्याने मला विचारलं, आई, तुला काय वाटतं?

मला काय वाटतं ते माझ्याजवळ तयार होतं. मुद्द्यांसकट. मी म्हटलं, तुझं तू बघ, आणि उठून स्वयंपाकघरात गेले, कारण तिथे बसून राहिले असते तर बोलले असते. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. थोड्या वेळाने तो मागून आला, पाट ओढून खाली बसला आणि म्हणाला, "आई, खरंच विचारतोय."

मग मी दुसरा पाट घेतला आणि आम्ही बोललो. काय बोललो ते तो तुम्हाला सांगेल, त्याला सांगावंसं वाटलं तर.

तुमची
कौशल्या